भाद्रपद येण्याआधी

*प्रिय डॉक्टर,*

*मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या गावात राहते. वय २९. तीन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून घरी आले, आता घरचा होमस्टे बघते. आमच्यापासून जवळच बेवारशी प्राण्यांसाठी एक शेल्टर आहे, तिथे आठवड्यातून चार दिवस मदतीला जाते. जागा चाळीस कुत्र्यांची आहे, आज तिथे ११८ आहेत. मांजरं वेगळीच. दिवाळीनंतर गेटवर पोत्यात, आंब्याच्या खोक्यात पिल्लं ठेवून जायला लोकांनी सुरुवात केली, ती शिमगा झाला तरी थांबलेली नाही. गेल्या महिन्यात पार्व्हो या विषाणूच्या रोगाने अकरा पिल्लं गेली. मला रात्री झोप लागत नाही. सात कुत्री मी घरी आणली, त्यावरून आई रोज बोलते आणि तिचं बोलणं चुकीचं आहे असंही म्हणवत नाही.*

*आता नसबंदीसाठी कुत्री पकडायची गाडी सुरू होतेय आणि त्यांना वाड्यांची माहिती असलेली माणसं हवी आहेत. मी जायचं म्हटलं तर आमच्यातल्याच काही जणी म्हणाल्या, "तू कुत्रेपकड्यांची झालीस." त्या शेल्टरच्या नव्या शेडसाठी वर्गणी काढतायत. जेटीवर एक तांबडी कुत्री आहे, ती फक्त माझ्याच हातचं खाते. कार्तिकात तिला पाच पिल्लं झाली, दोन उरली. मी तिला पकडून दिलं तर ती पुन्हा माझ्याजवळ येईल का? मी शेडच्या कामाला लागू की गाडीवर जाऊ?*

*— जेटीवरची एक*

ताई, गाडीवर जा. वर्गणीही जरूर काढा, पण ती शेडला न देता नसबंदीला द्या. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा माझं उत्तर हेच आलं. का, ते बैजवार सांगतो.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत माझी नोकरी झाली, त्यातली बरीचशी सिंधुदुर्गातच. गाई-म्हशी, बैल, शेळ्या हे रोजचं काम. कुत्री यायची ती बिबट्याने मानेला धरलेली, नाहीतर गाडीखाली आलेली. नसबंदी करून द्या म्हणून कुत्री घेऊन येणारा माणूस पहिल्या दहा वर्षांत क्वचितच भेटला. पण बागायतदारांचा एक प्रश्न मात्र दरवर्षी ठरलेला असायचा. दवाखान्याच्या दारात उभे राहून विचारायचे, "डॉक्टरानू, खय पिल्लां आसात काय? पण झील व्हयो, चेडू नको." माकडांवर भुंकायला, आंब्या-काजूची राखण करायला कुत्रा हवा. कुत्री नको, कारण कुत्री ठेवली की अंगणात दर वर्षी पिल्लं. म्हणून पाचातले दोन झील घरात राहतात, आणि तीन चेडवं पोत्यातून बाजारात, एसटी स्टँडवर, खाडीच्या पुलाखाली, आणि आता तुमच्या गेटवर येतात.

तुमच्या ११८ मध्ये माद्या किती आहेत ते एकदा मोजा. मी जागेवर न येता सांगतो, निम्म्याहून बऱ्याच जास्त निघतील. शेल्टर भरतं आहे ते वाड्यांमधल्या घरांतून भरतं आहे. ती घरं वाईट माणसांची नाहीत. तिथल्या कुत्रीला रोज भात-आमटी मिळते, पावसात पडवीत जागा मिळते. फक्त तिचं ऑपरेशन करता येतं, ते कोण करतं, खर्च किती, ती नंतर राखण करेल का, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. राखण ती करते. नसबंदी झालेली कुत्री भुंकायची थांबत नाही आणि घरही विसरत नाही. उलट गर्भपिशवीत पू होण्याचा धोका टळतो, वेळेत ऑपरेशन झालं तर स्तनांच्या गाठींचा धोकाही खूप कमी होतो. वाडीवर हे ज्या भाषेत सांगायला हवं ती भाषा तुमची आहे, गाडीवरच्या माणसांची असेलच असं नाही. तुमची गरज तिथे आहे.

आता महिन्यांचा हिशेब. आपल्या बोलण्यात कुत्रे आणि भाद्रपद यांची जोडी उगाच पडलेली नाही. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, पण पाऊस ओसरताना, भाद्रपदाच्या आगेमागे, आपल्याकडे त्याची मोठी लाट असते. गाभणकाळ ६३ दिवसांचा, म्हणजे दोन महिने आणि वर दोन-तीन दिवस. घराघरांत गणपती असतात तेव्हा गाभण राहिलेली कुत्री कार्तिकात विते. एका वेताला चार-सहा पिल्लं. भात झोडून गवताच्या उडव्या रचल्या जातात त्याच सुमारास मांगराच्या मागे, उडवीच्या पोटात कुईकुई सुरू होते. पिल्लं दोन महिन्यांची होतात, आईचं दूध आटतं, त्यातलं एखादं शेजाऱ्याच्या कोंबडीच्या मागे लागतं, आणि पौष-माघात पोती निघतात. जी पोत्यात जात नाहीत त्यांतलीही बहुतेक वर्ष काढत नाहीत. भूक, गाड्या, आजार, बिबट्या. तुमच्या तांबडीची पाचातली दोन उरली हे दुर्दैव खरं, पण ते नेहमीचंच दुर्दैव आहे.

जी उरतात त्यांचा हिशेब पुढे चालतो. कार्तिकातलं चेडू वैशाखात सहा महिन्यांचं होतं आणि पुढच्या भाद्रपदात, दहा महिन्यांचं असतानाच, त्याच्यामागे कुत्र्यांचा घोळका लागतो. म्हणजे तुमच्या हातात आता चैत्र आहे, वैशाख आहे आणि फार तर अर्धा ज्येष्ठ. पाऊस लागला की टाके ओले राहतात, माशी बसते, आळ्या पडतात. पावसात ऑपरेशन करता येत नाही असं नाही, पण मग प्राणी कोरड्या जागी जास्त दिवस ठेवावा लागतो, आणि कोरडी जागा तर तुमच्याकडे शिल्लकच नाही.

ही जागा का शिल्लक नाही, ते नीट बघू या. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम (ते त्या वर्षी १० मार्चला आले) सांगतात की भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण ही स्थानिक संस्थेची, म्हणजे नगरपरिषदेची, नगरपंचायतीची, ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं आहे. या पद्धतीत पिंजरा लागतो तो ऑपरेशनच्या आधीची रात्र आणि नंतरचे चार-पाच दिवस. एक पिंजरा महिन्याला चार-पाच कुत्र्यांच्या कामी येतो. तुमच्याकडे मात्र त्याच पिंजऱ्यात एक धडधाकट, वाडीवर सुखाने राहू शकणारी कुत्री वर्षभर बसून आहे, आणि ती बसून आहे म्हणून जेटीवरच्या पाच जणींना जागा नाही. नवी शेड बांधलीत तर तिच्यात आणखी साठ येतील आणि पुढच्या पौषात तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल, फक्त त्यात ११८ च्या जागी १८० असेल. अमेरिकेत सत्तरच्या दशकात दरवर्षी कोटीहून जास्त कुत्री-मांजरं जागा नाही म्हणून शेल्टरमध्येच मारली जात. तो आकडा आता दहा लाखांच्या खाली आला, त्यात नसबंदीचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडे जागेसाठी निरोगी प्राण्याला मारता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की आपल्याकडे आत येणाऱ्यांना वेळीच आवर घातला नाही तर गर्दी आत साचत राहते, आणि साचलेल्या गर्दीत रोग मोठ्या कुत्र्यांआधी पिल्लांना धरतो.

शेल्टरच्या चालकांबरोबर बसून आतल्या प्राण्यांची यादी करा. आंधळं, तीन पायांचं, अर्धांग झालेलं, म्हातारं, बाहेर जगूच शकणार नाही असं प्रत्येक जण तिथेच राहू दे, त्यांच्यासाठीच ती जागा आहे. निरोगी मोठ्या कुत्र्यांपैकी ज्यांची मूळ जागा माहीत आहे आणि जिथे खायला घालणारं माणूस आहे, त्यांची नसबंदी आणि लस करून त्यांना त्यांच्या वाडीत परत सोडा. फार दिवस आत राहिलेलं कुत्रं एकदम सोडू नका, आधी दोन-चारदा फिरवून आणा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सुप्रीम कोर्टाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाप्रमाणे शाळा, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बस स्टँड आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून उचललेली कुत्री परत त्याच आवारात सोडायची नाहीत, निवाऱ्यात ठेवायची आहेत. म्हणजे एसटी स्टँडवरच्या कुत्र्यांसाठी जागा राखावी लागणार. पुढे आदेश बदलू शकतात, म्हणून नगरपरिषदेत जाऊन ताजा कागद स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

आता गाडीवर काय करायचं ते. इथे मी माझी एक चूक सांगतो, तुम्ही ती करू नये म्हणून. नोकरीत नवा असताना एका बंदरावर मी दोन दिवसांचं शिबिर घेतलं. सतरा कुत्र्यांची ऑपरेशनं झाली. गावाने नारळ दिला, मला फार बरं वाटलं. त्या सतरातले चौदा नर होते. नर भाकरीच्या तुकड्यासाठी पुढे येतात, पकडायला सोपे जातात. माद्या भिऊन जाळ्यांच्या ढिगामागे दडून बसल्या आणि मी त्यांच्यासाठी थांबलो नाही. पुढच्या कार्तिकात त्या बंदरावर पिल्लं तेवढीच होती. एक नर मोकळा राहिला तरी तो दहा माद्यांना पुरतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी मी हाताला येईल ते केलं. त्या हिवाळ्यात मेलेल्या पिल्लांची मला अजून आठवण येते.

म्हणून तालुकाभर फिरू नका. एक वाडी घ्या, जेटी आणि तिच्या मागची वस्ती एवढंच घ्या, आणि ते पुरं करा. दोन दिवस लागोपाठ पहाटे वही घेऊन फिरा. कुत्रं दिसलं की फोटो, नर की मादी, कानाला नसबंदीची खाच आहे की नाही, कोणाच्या घरी जेवतं. मच्छीवाल्या बायकांना विचारा, चिकनच्या दुकानात विचारा, शाळेची खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना सगळी कुत्री माहीत असतात. मग माद्यांची यादी वेगळी काढा आणि शेवटची मादी हाताला लागेपर्यंत दुसऱ्या वाडीला हात लावू नका. रेबीज रोखायला ७० टक्के कुत्र्यांना लस व्हावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिल्लं थांबवायची तर माद्यांच्या बाबतीत त्याच्याही बरंच वर जावं लागतं, हा माझा अनुभव. दहा गावांत दहा-दहा टक्के केलेलं काम कुठल्याच गावाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामामागे गाव उभा राहत नाही.

वाडोवाडी नेटाने गेलं तर काय होतं हे बघायला लांब जावं लागत नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तिथे राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी दहा वर्षांपूर्वीपासून घरोघर, रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचली, नोंदी मोबाईलवर ठेवल्या, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं राज्य. कुत्री कोंडून हे झालेलं नाही. लस टोचलेलं, ओळखीचं कुत्रं आपल्या जागी राहिलं म्हणून झालं. जागा मोकळी केली की उकिरडा आणि मासळीची घाण तशीच असते, तिथे दुसरीकडची, लस नसलेली कुत्री येऊन बसतात.

मासळीच्या घाणीवरून आठवलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. जेटीवर टाकून दिलेली मासळी नाही म्हणून त्या दोन महिन्यांत बंदरावरची कुत्री वस्तीत शिरतात, कोंबड्या नेतात, लोक दगड मारतात, विषाच्या गोष्टी सुरू होतात. (विष घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, हे वाडीत शांतपणे एकदा सांगून ठेवा.) भुकेलं कुत्रं पकडायला सोपं जातं हे खरं, पण तोवर पाऊस असतो. म्हणून आत्ताच. आणि बंदराची साफसफाई हा या कामाचाच भाग धरा. मच्छीमार सोसायटीशी बोला, घाण एका जागी, झाकणाच्या पिंपात जाऊ दे. वायंगणी, तांबळडेग अशा किनाऱ्यांवर कासवांची घरटी राखणाऱ्यांनाही भटक्या कुत्र्यांचाच त्रास असतो, अंडी उकरतात, समुद्राकडे निघालेली पिल्लं धरतात. त्यांना सोबत घ्या. कुत्र्यांवर प्रेम करणारे आणि कासवांवर प्रेम करणारे आपल्याकडे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत, दोघांनाही हवी ती गोष्ट एकच असताना.

तुमच्या मैत्रिणींच्या रागाबद्दल. तो राग मी समजू शकतो. पूर्वी गावोगाव जी गाडी यायची ती खरोखरच कुत्री मारायला यायची, आणि ज्यांनी ते बघितलं त्यांच्या मनातून ते जात नाही. त्यांना रागावू नका. त्यांना एवढंच विचारा, की गाडीत कुत्र्याला कसं वागवतात हे बघायला गाडीत कोण असायला हवं? गाडी निघण्याआधी विचारा, ऑपरेशन करणाऱ्या संस्थेला भारतीय पशुकल्याण मंडळाची मान्यता आहे का. जाळीने किंवा हाताने पकडतात का ते बघा. तारेचा फास किंवा लोखंडी चिमटा दिसला तर तिथेच थांबवा. प्रत्येक कुत्र्याला क्रमांक मिळाला पाहिजे आणि त्यापुढे उचलल्याची जागा लिहिली गेली पाहिजे. "बंदर" असं मोघम नको, "बर्फाच्या कारखान्याच्या मागचा वड" असं हवं. वैशाखात सकाळी नवाच्या आत पकडणं संपवा, पत्र्याच्या गाडीत उन्हाने कुत्रं मरतं. दूध पाजणारी आई उचलू देऊ नका. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, जे बरेच जण विसरतात: उद्या पकडायचं त्या कुत्र्याला आज रात्री कोणीही खायला घालायचं नाही. भरल्या पोटी भूल दिली तर उलटी श्वासात जाऊन प्राणी दगावू शकतो. हे घरोघरी सांगायला वाडीतलंच माणूस लागतं. काही चुकीचं दिसलं तर फोटो, तारीख, वेळ यांसह मुख्याधिकाऱ्यांना लेखी द्या, पोच घ्या. आरडाओरडा केलात तर पुढच्या फेरीला तुम्हाला बोलावणार नाहीत, आणि मग गाडीत बघणारं कोणी उरणार नाही.

स्वतःची लस घेतली आहे का? पत्रात तसं काही नाही. कुत्री हाताळणाऱ्या प्रत्येकाने चावण्याआधीच रेबीजची लस घ्यायची असते, पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा, एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी तिसरा. ती झाल्याशिवाय गाडीवर चढू नका, मग तीन-चार आठवडे उशीर झाला तरी चालेल. चावलं, ओरखडलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, मिरची-चुना काही लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधी लस घेतलेली असली तरी चावल्यावर पुन्हा दोन डोस लागतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. आणि पावसात पिंजरे अनवाणी धुऊ नका, गमबूट घाला. लेप्टोचा आजार आपल्या जिल्ह्याला नवा नाही आणि कुत्र्याच्या मुतातूनही तो येतो.

गेटवरच्या पोत्यांचं काय? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राणी उपाशी मरायला टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या खेपेचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. त्या भीतीने कोणी थांबणार नाही. माणसं रात्री पोतं ठेवून जातात ती लाजेने, कारण दिवसा आलं की बोलणी बसतात. गेटवर फोन नंबर असलेला मोठा बोर्ड लावा, की पिल्लं आणू नका, फोन करा, आम्ही घरी येतो. आणि घरी जा. सांगा की दोन महिने पिल्लं आईजवळ पडवीतच राहू देत, जंताचं औषध आणि लस आम्ही देऊ, आईचं ऑपरेशन आम्ही फुकट करून देऊ, पिल्लांना घर शोधायला मदत करू. तुमच्या वर्गणीचे पैसे इथे घाला. यात शेल्टरचं दार लोकांना बंद वाटेल, काही जण शिव्याही देतील. तरी आत घेऊ नका. महिन्याभराचं पिल्लू आईपासून तोडून ११८ कुत्र्यांच्या जागेत आणणं म्हणजे त्याला पार्व्होच्या तोंडी देणं आहे.

ती अकरा पिल्लं तुमच्या हलगर्जीपणाने गेली नाहीत. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि आपण सगळीकडे वापरतो त्या फिनाईलने तो मरत नाही. जागा आधी साबणाने घासून धुवा आणि मग ब्लीचचं पातळ पाणी दहा मिनिटं राहू द्या. मातीच्या जमिनीवर तेही पुरत नाही, म्हणून त्या कोपऱ्यात सहा महिने तरी एकही पिल्लू ठेवू नका. हे तुम्हाला कोणी आधी सांगायला हवं होतं.

मे महिन्यात चाकरमानी येतील. मुलं पिल्लाच्या प्रेमात पडतील आणि निघायच्या दिवशी गाडीत घालून न्यायला मागतील. त्या दिवशी देऊ नका. मुंबईला पोचून आठवड्याने फोन करू देत, घरातल्या सगळ्यांशी बोला, मग द्या. मादी पिल्लू असेल तर सहा महिन्यांनी ऑपरेशन करायचं हे लिहून घ्या आणि त्या तारखेला फोन तुम्ही करा. तुमच्या होमस्टेवाल्या ओळखीत आणखी एक गोष्ट बोला. सीझनमध्ये पाहुण्यांच्या करमणुकीला पिल्लू पाळायचं आणि जूनमध्ये कुलूप लावून निघून जायचं, हे आपल्या किनाऱ्यावर वाढत चाललंय.

घरची सात. आई बरोबर आहे, ताई. सातांची नसबंदी आधी उरकून घ्या, दोन ठेवा, पाचांना घरं शोधा, आणि तोपर्यंत आठवं आणू नका. शेल्टरला चार दिवसांऐवजी दोन दिवस जा, एक दिवस गाडीवर. उरलेले दिवस कुत्र्यांचे नाहीत. तुम्ही दमून मुंबईला परत गेलात तर या वाडीत तुमची जागा घेणारं मला तरी कोणी दिसत नाही, म्हणून हे सांगतोय.

आता तांबडी. तिची पिल्लं कार्तिकातली, म्हणजे दूध तुटलेलं आहे. पोट पुन्हा दिसत नसेल तर हीच वेळ आहे. पोट दिसत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ते ठरवतील. उरलेल्या दोनांत चेडू असेल तर वैशाखाच्या शेवटी त्याचीही पाळी. पकडायच्या आदल्या संध्याकाळपासून तिला काही देऊ नका, बाकीच्यांनाही देऊ देऊ नका. सकाळी तुम्ही नेहमीच्या जागी बसा, नेहमीसारखी हाक मारा, हातात मासळी असू दे. जाळी दुसऱ्याच्या हातात हवी, आणि तो तिच्या मागच्या बाजूने यायला हवा. जाळी पडली की तिच्याकडे धावू नका, नावाने हाका मारू नका. त्या क्षणी ती तुमच्याकडे बघेल आणि तुम्हाला रडू येईल. तिथून उठून चालू लागा. पिंजऱ्यातही तिला भेटायला जाऊ नका, तिथल्या औषधांच्या वासाशी तुमचा वास तिच्या मनात जोडला जाऊ नये.

सोडायला मात्र तुम्हीच जा. पिंजरा जेटीवर उचलल्या जागीच उघडायचा, होड्या परत यायच्या वेळी नको, दुपारी शांत असते तेव्हा. दार उघडून बाजूला व्हा. ती तुमच्याकडे न बघता होड्यांच्या आड पळेल. पहिल्या दिवशी तुमच्या हातचं खाणार नाही. लांब ठेवून निघून या. दुसऱ्या दिवशी थोडं जवळ ठेवा. जखमेवरून नजर फिरवा, सूज, पू, लोंबता टाका दिसला तरच पुन्हा पकडायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा जेटीवरच्या कुत्र्यांना ओळखीच्या माणसाकडे परत यायला आठ दिवस लागले, फार भित्री असेल तर पंधरा. एक-दोघी महिनाभर आल्या नाहीत. मग एका सकाळी बांगड्याचं डोकं हातातून घेऊन गेल्या.